दसऱ्याआधीचे चार महिने

१६ डिसेंबर २०२१ च्या संध्याकाळी मामाचा फोन आला. मी पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये घरून काम करत होतो. मीटिंग म्यूट करून फोन उचलला. "उठली रे बंदी! चैत्राच्या यात्रेला आपली घोडी पळवायची!"

मामा खेड तालुक्यातला, चाकणच्या पुढचा. तिकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी धावते, हे शहरातल्या मित्रांना समजावून सांगावं लागतं. घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर, स्वार घोडी पुढे काढतो आणि बैल तिच्यामागे सुटतात. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांचा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या, तेव्हा मामाची घोडी आठ वर्षांची होती, ऐन भरात. आता त्याच न्यायालयानं सशर्त परवानगी दिली, तेव्हा तिला सोळावं लागलं होतं.

शनिवारी गावी गेलो. घोडीच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. खूर वाढून पुढे आले होते. कडबा खाताना तिच्या तोंडातून अर्धवट चावलेले गोळे खाली पडत होते. यात्रा चैत्र पौर्णिमेला, १६ एप्रिलला. हातात बरोबर सतरा आठवडे. मी सवयीनं एक्सेल उघडलं.

घोड्यांविषयी वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की आपल्याला शाळेत फक्त दौड शिकवली. मार्च १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला, हे पाठ होतं. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचं पाणी प्यायल्याचं तर भाषणाभाषणांत ऐकलं होतं. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. तिथलं तट्टू ठेंगणं, काटक, कमी चाऱ्यावर निभावणारं. माझ्या घराजवळून वाहणारी पवना मुळेत मिळते आणि मुळा-मुठेचं पाणी शेवटी भीमेलाच जातं. मामाची घोडीही त्याच जातीची, शिंगरू असताना धनगरांकडून घेतलेली. धनगरांचे वाडे आजही या तट्टांवर बिऱ्हाड आणि कोकरं लादून चालतात.

पण दौडीआधी काय होत असे? ते कागदोपत्री सापडतं, फक्त ते भाषणात येत नाही.

कृष्णाजी अनंत सभासदानं १६९० च्या दशकात जिंजीला शिवाजी महाराजांची बखर लिहिली. त्यात लष्कराचं वर्षाचं वेळापत्रकच आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला परतायचं, दसऱ्याला बाहेर पडायचं. परतणाऱ्या घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधं आणि गवतानं शाकारलेली घरं आधीच तयार ठेवायची. पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी पगारी माणूस ठरलेला. मला हे वाचून सर्व्हर सांभाळणारी आमची टीम आठवली. सगळं सुरळीत असलं की तिचं नाव कुणी घेत नाही.

दुसरा कागद मला जास्त लागला. १६७० च्या दशकातल्या एका मे महिन्यात महाराजांनी चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. पावसाळा तोंडावर होता. पत्रात लढाईची गोष्ट नाही, साठ्याची आहे. दाणा-गवत आत्ता हाताला लागतंय म्हणून मनाला येईल तसं उधळाल, तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी मरायला लागतील आणि त्यांना तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा आशय. मग तुम्ही कुणब्यांच्या घरून दाणा, भाकरी, लाकूड, भाजी उचलू लागाल आणि त्यांना मोगल बरे वाटतील. पुढे तर बारकावा असा की, रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंज्या पेटतील आणि पागा वैरणीला मुकेल. राजा उंदराचा विचार करतोय, कारण चार महिन्यांनी त्याला घोडा उभा हवा आहे.

मामाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे आठ वर्षं आपण काय केलं, ते विचारतोयस ना?"

मी तसं विचारलं नव्हतं. पण खरं तेच होतं. शर्यत नाही, म्हणून घोडीची चंदी कमी झाली होती. नालबंद येईनासा झाला होता. कुणी वाईट वागलं नव्हतं. खर्चाच्या यादीत ती हळूहळू खाली सरकली होती.

डॉक्टरांनी आधी तोंड उघडून पाहिलं. घोड्याची दाढ वर्षानुवर्षं वर सरकत राहते आणि चावून चावून झिजते. झीज सारखी नसली की कडेला धार येते, गाल आणि जीभ कापतात, जनावर चारा टाकून देतं. भूक असून उपासमार. कानशीनं दाढा घासल्यावर आठवडाभरात कडब्याचे गोळे पडायचे थांबले. लीद तपासून जंताचं औषध दिलं. नालबंद बोलावला आणि दर सहा-सात आठवड्यांनी खूर छाटायचं ठरवलं.

मामाला वाटत होतं, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी एकदम दुप्पट करावी. डॉक्टरांनी अडवलं. घोड्याचं पोट लहान असतं, दाणा एकदम वाढवला तर पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर जातं. आधी वैरण: वजनाच्या दीड टक्का तरी कोरडा चारा, म्हणजे अडीचशे किलोच्या घोडीला रोज पावणेचार किलो. दाणा त्यानंतर, थोडा थोडा, दिवसातून तीनदा, दहा-बारा दिवसांत वाढवत नेलेला.

पहिला महिना नुसतं चालणं. बांधावरून, मोकळ्या पाठीनं, लगाम हातात धरून. दुसऱ्या महिन्यात खोगीर आणि थोडी दुडकी चाल. मी शनिवार-रविवारी जायचो. खरारा करायला शिकलो. फेब्रुवारीत तिच्या पाठीवर मांस धरलं, कातडीला चकाकी आली. मामा म्हणाला, "बघ, तयार झाली!"

इथंच फसगत होते. हृदय, फुफ्फुसं, स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. पायाच्या कंडरांना, ज्यांना मामा 'नस' म्हणतो, महिनेच्या महिने लागतात आणि म्हाताऱ्या जनावरात त्या पूर्वीसारख्या होतीलच असं नाही. घोडा दमदार दिसू लागतो, नेमका तेव्हाच पाय जातो. आमच्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो. घोड्याच्या पायाला तो लागू पडत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी मामानं तिला पडीक रानात भरधाव सोडलं. दोनशे मीटर असेल. ती अशी धावली, की मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या जबड्याखाली बोटं ठेवून ठोके मोजले. विश्रांतीनंतर दहा मिनिटांत ते साठच्या खाली यायला हवेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शहात्तर भरले. मग मी तिच्या डाव्या पुढच्या पायाची नस चाचपली. गरम होती.

मी काही बोललो नाही. मामाचा हात घेऊन तिथं ठेवला.

तो बराच वेळ उकिडवा बसून होता. त्याचीही तिथं आठ वर्षं गेली होती. शेवटी उठला आणि म्हणाला, "त्या पत्रात काय लिहिलंय? आपणच मारली असं होईल. नको रे."

चैत्र पौर्णिमेला घाटावर आमच्या गाड्यापुढे दुसऱ्याची घोडी पळाली. मामा बारी बघायला गेलाच नाही. संध्याकाळी देवाच्या पालखीपुढे आमची घोडी निघाली, नव्या नालांची, पाठीवर मामाची सहा वर्षांची नात. ढोल वाजत होते, घोडी संथ चालीनं चालत होती. दर दहा पावलांवर मामा वाकून तिचा डावा पाय बघत होता.

दुसऱ्या दिवशी निघताना विचारलं, "मामा, आता कडबा कमी करणार का?"

"आता?" तो म्हणाला. "पाऊस दीड महिन्यावर आलाय. आत्ताच तर भरून ठेवायचा."