कापडी छताच्या इमारती

कापडी छताच्या इमारती : पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर, नाहीतर खांब आणि तारदोरांच्या आधाराने, प्लास्टिकचा लेप दिलेले कापड ताणून उभारलेल्या वास्तू. दगडविटांची इमारत वाऱ्यापुढे स्वतःच्या वजनावर ठाम राहते. छताचे कापड मात्र चौरस मीटरला जेमतेम एक किलो भरते. त्यामुळे त्याचा टिकाऊपणा छताचा आकार, कापडाचा ताण आणि जमिनीतली पकड या तिन्हींवर अवलंबून असतो.

कोरोनाच्या साथीत मुंबईत दहिसर, मुलुंड, वांद्रे-कुर्ला संकुल येथे उपचारांची कापडी छताची जम्बो केंद्रे उभी राहिली, तेव्हा उपनगरांना हा प्रकार जवळून दिसला. दहिसरचे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून जाणार, असा इशारा आला आणि महापालिकेने या तीन केंद्रांतले ५८० रुग्ण खबरदारी म्हणून इतर रुग्णालयांत हलवले. त्यांत दहिसरचे १८३ होते. १७ मे २०२१ रोजी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत पोहोचला.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्या दिवशीच्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण ६० किलो येतो. भारतीय मानक ८७५ (भाग ३) मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरते. त्या वेगाला दाबाचा हाच आकडा ११८ किलोवर जातो. मोजकी वर्षे उभ्या राहणाऱ्या बांधकामाला हे मानक कमी वेग धरण्याची मुभा देते. तात्पुरता मंडप आणि कायमची इमारत यांतला फरक इथूनच सुरू होतो.

मांडववाले ज्याला ‘जर्मन हँगर’ म्हणतात, ते छत दुपाखी असते. ॲल्युमिनियमच्या खाचांत कापडाच्या कडा सरकवल्या की ते झटपट उभे राहते. पण त्याचा प्रत्येक पट्टा सपाट असल्याने ताण सैल पडताच फडफडतो. कमानी छतावरून वारा सहज सरकतो. मात्र माथ्यावर उतार कमी असल्याने तिथे ताणाची विशेष काळजी घ्यावी लागते. फुगवलेल्या घुमटाला पंखे अखंड चालू ठेवावे लागतात, म्हणून त्याला राखीव वीज हवीच.

सर्वांत भक्कम आकार खोगिराचा आणि शंकूचा. त्यांत कापड एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळते. वारा छत उचलू लागला की एक वळण त्याला धरते. पावसाचा भार आला की दुसरे.

वाऱ्याइतकेच पाणीही घातक असते. सैल कापडावर थोडे पाणी साचले की खळगा पडतो, खळग्यात आणखी पाणी उतरते आणि अखेर कापड फाटते किंवा सांगाडा वाकतो. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या दहिसरसारख्या ठिकाणी पुरेसा उतार आणि मोठ्या पन्हळी आराखड्यातच हव्यात.

पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टर साधारण १५ ते २० वर्षे टिकते. टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतूंचे कापड त्याहून बरेच जास्त, पण ते महाग पडते. जेद्दाच्या हज टर्मिनलवर १९८१ पासून याच जातीच्या कापडाचे शंकू आहेत. २०११ च्या विश्वचषकापूर्वी नूतनीकरण झालेल्या वानखेडे स्टेडियमचे छतही टेफ्लॉन कापडाचे आहे.

पावसाळ्यापूर्वी ताण पुन्हा आवळणे, जोड आणि नांगर-खिळे तपासणे, शेवाळ धुणे ही या इमारतींची नेहमीची देखभाल असते.