घोड्यांची ट्राम की विजेची?

आधी साल नक्की करा, नाहीतर भलत्याच मुंबईत उतराल.

बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर तुम्हाला १९०७ सांगतील. भीमराव मॅट्रिक झाला, समाजाच्या लोकांनी कौतुकाची सभा भरवली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेलं 'गौतम बुद्धाचे चरित्र' भेट दिलं. पण ज्याच्या हातात ते पुस्तक पडलं, त्याची साक्ष वेगळी आहे. बाबासाहेबांनी १९५६ साली लिहून ठेवलं की तेव्हा आपण इंग्रजी चौथी पास झालो होतो आणि अध्यक्ष केळूसकरच होते. मॅट्रिक म्हणजे इंग्रजी सातवी. म्हणजे दोन साक्षींत तीन इयत्तांचं अंतर.

तेव्हा उतरल्याबरोबर कान द्या. ट्रामपुढून टापांचा आवाज आला तर तुम्ही १९०५ च्या ऑगस्टच्या अलीकडे आहात. त्यानंतर मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम बंद झाल्या. विजेची ट्राम धावू लागली ती ७ मे १९०७ ला. आणि ट्राम कुठेच दिसली नाही, तर दोन्ही साक्षीदारांना सोडून तुम्ही मधल्याच फटीत पडलात, असं समजा. मी विजेची ट्राम धरतो. हे पुस्तक वाचून त्या मुलानं बापाशी जो वाद घातला, तो इंग्रजी चौथीतल्या पोराचा मला वाटत नाही.

चर्नी रोडला उतरा. मरीन ड्राइव्ह अजून झालेला नाही, समुद्र रेल्वेच्या रुळांपलीकडेच आहे. स्टेशनाला लागून बाग. शाळा सुटल्यावर एक मुलगा इथे येऊन वाचत बसतो. जरा लांब बसा. तुमच्याआधीपासून आणखी एक माणूस त्याच्यावर नजर ठेवून आहे. विल्सन हायस्कूलमधले हे मास्तर, शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहिणारे केळूसकर. बागेत पोरं खेळायला येतात, हा रोज पुस्तक घेऊन येतो, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं आहे. काही दिवसांनी ते जवळ जाऊन त्याची चौकशी करतात. मुलगा आपली जात सांगतो. पुढे घडतं ते इतकं साधं आहे की तुम्हाला त्यात पाहण्यासारखं काही वाटणारच नाही: मास्तर त्याला आणखी पुस्तकं देऊ लागतात.

साधं का नाही, ते कळायला एल्फिन्स्टन हायस्कूलच्या वर्गात डोकावून या. भीमरावला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं आहे. तो उठतो मात्र, तशी बाकीची मुलं धावत जाऊन फळ्यामागे ठेवलेले आपले डबे ओढून काढतात, विटाळ नको म्हणून. त्याला शिकायचं होतं संस्कृत. ते मिळालं नाही, तेव्हा तो फारसी शिकतो आहे.

आता परळ. डबक चाळ, एकच खोली. आत माणसं, जातं, शेळी. जाताना दाराशी वाकून बघा, आत शिरायला जागा नाही. भीमरावचे वडील सुभेदार रामजी स्वतः जागे राहतात आणि रात्री दोनला मुलाला उठवतात, कारण या खोलीत शांतता असते ती तेव्हाच. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जातात, त्यांच्याकडेही नसले तर एखादा दागिना मागून घेतात आणि सावकाराकडे गहाण टाकतात. बाबासाहेबांना पुस्तकांचं वेड होतं हे आपण नेहमी सांगतो. त्या वेडाचा पहिला हप्ता बहिणींच्या दागिन्यांनी भरला, हे जरा कमी वेळा सांगतो.

सभेत फार वेळ काढू नका. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून सुभेदारांचा तिला विरोध होता. शेवटी लोकांनी केळूसकरांना मध्ये घातलं, तेव्हा ते तयार झाले. भाषणं होतात, पुस्तक दिलं जातं, माणसं पांगतात.

थांबायचं ते सभेनंतरच्या दिवसांत. या घरात रोज रात्री निजण्याआधी रामायण-महाभारत वाचलं जातं, आणि वाचायचं काम भीमराव आणि त्याच्या थोरल्या भावाकडे आहे. ऐकायला बहिणी असतात, शेजारपाजारचे येतात. वर्षानुवर्षं हे चाललं आहे. सुभेदार कबीरपंथी, मूर्तिपूजा न मानणारे. तरी मुलांसाठी म्हणून घरात गणपती बसतो. मुलाला ही विसंगती आधीपासून खुपते आहे. त्यात आता हे तिसरंच चरित्र त्याच्या हाती आलं. साध्या मराठीत, १८९८ साली छापलेलं.

ते वाचून झाल्यावर तो बापाला विचारतो, हे वाङ्मय तुम्ही आम्हाला आधी का दाखवलं नाहीत? ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि आमची हीनता पानोपानी सांगितली आहे, ते ग्रंथ आम्हाला का वाचायला लावता?

तिथेच उभे राहा, कारण सुभेदारांचं उत्तर हलकं नाही. आपण अस्पृश्य, मुलांच्या मनात न्यूनगंड बसायला वेळ लागत नाही, तो जावा म्हणून हे वाचायचं. द्रोण, कर्ण कुठून निघाले आणि कुठवर चढले ते बघ. वाल्मीकी तर कोळी. मला हे उत्तर अजून विचार करायला लावतं. ज्या ग्रंथांनी खाली ठेवलं, त्यांतूनच वर चढायची शिडी शोधणारा हा लष्करातला माणूस, मुलासमोर आपली बाजू मांडतो आहे. मुलाला ती पटत नाही. भीष्म-द्रोण त्याला ढोंगी वाटतात, कृष्ण रुचत नाही. वालीला मारणारा, सीतेशी तसं वागणारा राम तर नाहीच नाही. सुभेदार गप्प बसतात. पोरगं बंड करून उठलंय, हे त्यांना कळलेलं असतं.

पुस्तकानं आयुष्य बदलतं, असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे बहुधा वीज कोसळते. इथे तसं काही झालं नाही. तुम्ही वर्षं भराभर ओलांडा: केळूसकर शब्द टाकतात आणि सयाजीराव गायकवाड महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती देतात, १९१३ मध्ये सुभेदार जातात, त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचतो. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिराचा. हिंदू समाजातच माणूस म्हणून जागा मिळावी, यासाठी वर्षानुवर्षं झगडणारा हा माणूस लहानपणीच बुद्धाकडे वळला होता, हे बघणाऱ्याला कसं कळावं? १९३५ ला येवल्यात तो हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर करतो, तरी कुठे जाणार ते सांगत नाही. त्याच्या आदल्या वर्षीच केळूसकर वारलेले असतात.

शेवटचा टप्पा दिल्ली, १९५६. बाबासाहेबांची प्रकृती ढासळली आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ लिहून झाला आहे आणि आपण बुद्धाकडे कसे वळलो, या प्रश्नाला ते प्रस्तावनेत उत्तर देत आहेत. एवढी मोठी ग्रंथसंपदा पालथी घातलेला विद्वान, पण सांगतो ती गोष्ट त्या सभेची, दादा केळूसकरांच्या भेटीची आणि बापाशी झालेल्या त्या वादाची. आपण बुद्धाकडे रिकाम्या मनानं गेलो नाही, हेही ते नोंदवतात. बाप आणि केळूसकर, दोघांनी दिलेलं वाचन त्यांच्या गाठीशी होतं. त्यामुळे ताडून बघता आलं.

१४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. १९५७ साली ग्रंथ बाहेर आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. ती प्रसिद्ध झाली बऱ्याच वर्षांनी. तोवर सभेच्या तारखेबाबत कीरांच्या समोर दुसरा साक्षीदार उभा करायला वाचकाच्या हातात काही नव्हतं.