पानासकट अळी

आमच्या परसातल्या कढीपत्त्यावर श्रावणात पहिली अळी येते. नुसतं बघणाऱ्याला ती पानावर पडलेली चिमणीची विष्ठाच वाटते. काळपट तपकिरी रंग, मधोमध पांढरा ओघळ, वर ओलसर चकाकी. पाखरांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेलं ते सोंग आहे. पुढे कात टाकत टाकत ती वाढते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवीगार होते. तेव्हा तिला बोट लागलं, की डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. सासूबाई फोडणीसाठी पानं तोडायला जायच्या तेव्हा अळी असलेली डहाळी तेवढी सोडून यायच्या. या अळीचं काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं. त्याला कॉमन मॉर्मन म्हणतात.

गेली बारा वर्षं मी या एका झाडाचे आणि त्याच्या आजूबाजूच्या फुलांचे जवळून फोटो काढते आहे. फोटो बघणारे लेन्स कुठली ते विचारतात. ते सांगता येतं. पण बागेतला किडा असा जवळ जाऊन, त्याच्या झाडावर, जिवंत बघण्याची ही रीत आली कुठून, हे शोधायला गेले तेव्हा मी कॅमेऱ्याच्याही मागे दीड-दोनशे वर्षं जाऊन पोचले. माझ्या मते या कुळाची मूळ बाई मारिया सिबिला मेरियन. तिने कॅमेरा कधी पाहिला नाही.

मेरियनचा जन्म १६४७ चा, फ्रँकफुर्टचा. सावत्र वडील फुलांची चित्रं काढणारे. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळले, आणि तिथून तिचा सगळा जन्म अळ्या पाळण्यात गेला. किडे चिखलातून आणि कुजक्या मांसातून आपोआप उपजतात, असं मानणारे लोक त्या काळी भरपूर होते. मेरियन अंडं शोधायची, त्यातून आलेल्या अळीला तिचंच पान खायला घालायची, कोश होईपर्यंत थांबायची आणि प्रत्येक टप्प्याचं चित्र काढायची. १६७९ मध्ये तिचं पुस्तक निघालं. त्यात ५० चित्रं होती, आणि अळ्यांचं अद्भुत रूपांतर आणि त्यांचा फुलांचा आहार असा त्याच्या नावाचा अर्थ होता. रूपांतर आणि आहार ही जोडी त्या नावातच आली होती. एका चित्रात एक झाड, त्यावर अळी, कोश आणि फुलपाखरू. बहुतेकांनी टाचणीला टोचलेला किडा पांढऱ्या कागदावर काढला. मेरियनच्या किड्याखाली पान होतं, आणि पानाला त्या किड्याने पाडलेली भोकंही होती.

५२ व्या वर्षी ती धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली. दोन वर्षांनी आजारी पडून परतली आणि १७०५ मध्ये तिचा ६० चित्रांचा मोठा ग्रंथ आला. त्यातलं एक फूल बघून मी चमकले, कारण ते आमच्या कुंपणाला आहे. लाल-पिवळा शंकासुर. चित्राखाली तिने लिहून ठेवलं आहे, की आपलं मूल गुलाम म्हणून जन्माला येऊ नये यासाठी तिथल्या गुलाम बायका या झाडाचं बी खाऊन गर्भ पाडतात, आणि हे त्या बायकांनीच तिला सांगितलं. तिला झाडं आणून देणारे, त्यांचे गुण सांगणारे हात बरेचसे गुलामांचेच होते. शंकासुराचा फोटो काढताना आता दर वेळी मला हे आठवतं.

मेरियनच्या अळ्यांच्या पुस्तकाआधीच लंडनमध्ये रॉबर्ट हुकने सूक्ष्मदर्शकाखाली किडे ठेवले होते. १६६५ च्या त्याच्या ‘मायक्रोग्राफिया’मधली पिसू इतकी मोठी छापली होती, की तो कागद घडी घालून पुस्तकात बसवावा लागला. मला मात्र त्याची मुंगी जास्त जवळची वाटते. मुंगी काही केल्या स्थिर राहीना. शेवटी हुकने तिला ब्रँडीत बुडवलं. ती झिंगून पडली, त्याने चित्र काढून घेतलं, आणि तासाभराने मुंगी उठून चालायला लागली. जिवंत किडा थांबत नाही, ही अडचण तिथे पहिल्यांदा कागदावर आली. पुढची सगळी हकिगत त्या अडचणीशी झालेल्या झटापटीची आहे.

फोटोची विद्या जन्मली तीच किड्यांच्या संगतीत. हेन्री फॉक्स टॅलबटने २५ जानेवारी १८३९ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपले पहिले कागदी फोटो मांडले, तेव्हा त्यांत फुलापानांचे ठसे होते आणि सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या प्रतिमाही होत्या. पुढे त्याने किड्यांचे पंख असेच मोठे करून कागदावर उतरवले. पण ते नुसते पंख होते. काचेवर चिकटवलेले, सुटे, निर्जीव. मेरियनने दीडशे वर्षांपूर्वी जोडलेलं झाड आणि किडा कॅमेऱ्याने पुन्हा वेगळे केले. त्याला इलाजही नव्हता. इतका उजेड आणि इतका वेळ लागायचा, की मेलेलंच काही तरी समोर ठेवावं लागे. १८९९ मध्ये डब्ल्यू. एच. वॉल्म्सली याने सुचवलं, की दहापटीहून कमी मोठ्या केलेल्या चित्रांना ‘फोटो-मॅक्रोग्राफ’ म्हणावं, म्हणजे सूक्ष्मदर्शकातल्या चित्रांशी घोटाळा होणार नाही. आज आपण सहज ‘मॅक्रो’ म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे.

बाग या गोष्टीत खऱ्या अर्थाने आली ती १९१४ मध्ये, डेव्हिड आणि मॅरियन फेअरचाइल्ड या नवरा-बायकोच्या ‘बुक ऑफ मॉन्स्टर्स’मधून. डेव्हिड अमेरिकेच्या शेतीखात्यासाठी जगभर हिंडून झाडांचे वाण गोळा करणारा माणूस. आंब्याच्या शोधात तो मुंबईलाही येऊन गेला होता. मॅरियन म्हणजे टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची मुलगी. वॉशिंग्टनजवळच्या आपल्या घराच्या आवारात सापडलेले नाकतोडे, कोळी, भुंगेरे त्यांनी लांबच लांब पेटीच्या कॅमेऱ्याने पानभर मोठे करून छापले. त्यासाठी मेलेला किडा नीट पवित्र्यात उभा करावा लागे. तरी त्या पुस्तकाचं मोल मला मोठं वाटतं, कारण विषय दूरच्या अरण्यातून उचलून त्यांनी मागच्या दारी आणला. तिकडे इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ १९१० मध्ये ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ या चित्रफितीत कळ्या पडद्यावर उमलवून दाखवत होता. तासन् तासांचं उमलणं काही क्षणांत.

फुलांच्या बाजूने दोन माणसं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कार्ल ब्लॉसफेल्ट बर्लिनच्या कलाशाळेत शिकवायचा. विद्यार्थ्यांना आकार समजावेत म्हणून तो रस्त्याकडेची रानटी झाडं आणून घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने त्यांचे कोंब, देठ, शेंगा मोठ्या करून टिपायचा. हे त्याने तीसेक वर्षं केलं. १९२८ मध्ये १२० चित्रांचं पुस्तक निघालं आणि साठी ओलांडल्यावर तो प्रसिद्ध झाला. नेच्याचा गुंडाळलेला कोंब त्याच्या चित्रात धर्मगुरूच्या राजदंडासारखा उभा आहे. दुसरी इमोजेन कनिंगहॅम. १९१७ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहायला आली, आणि त्याच वर्षी पदरी तीन लहान मुलगे झाले, त्यांतले दोन जुळे. मुलांवर नजर ठेवून काम करता येईल अशी जागा एकच, घराची बाग. तिथल्या फुलांवर तिने कॅमेरा रोखला, आणि १९२५ च्या सुमाराचं तिचं मॅग्नोलियाचं फूल आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. स्वयंपाक आणि पोरंबाळं सांभाळून परसात कॅमेरा घेऊन बसणाऱ्या बाईला हे वाचून केवढं बळ येतं, ते मी सांगू शकते.

ब्लॉसफेल्टचा कोंब आणि कनिंगहॅमचं फूल एका जागी राहिलं. किडा राहत नव्हता. आणि जवळ जाण्याची किंमत फार होती. ५० मिलिमीटरची लेन्स घेतली तर दूरच्या डोंगरासाठी ती फिल्मपासून ५० मिलिमीटरवर असते. किडा आहे तेवढाच फिल्मवर उमटवायचा, म्हणजे एकास एक, तर तीच लेन्स १०० मिलिमीटरवर न्यावी लागते. त्यासाठी मधे नळ्या किंवा पेटीच्या भात्यासारखा घडीचा भाता बसवायचा. अंतर दुप्पट झालं, की फिल्मवर पोचणारा उजेड चौथाई उरतो. शिवाय स्पष्ट दिसणारी जाडी आक्रसते. लेन्सचं छिद्र एफ-१६ इतकं बारीक केलं तरी जेमतेम दोन मिलिमीटर. अळीचा डोळा नीट आला तर पाठ धूसर होते. छिद्र बारीक केलं म्हणून उजेड आणखी कमी. उजेड कमी म्हणून वेळ जास्त द्यायचा, आणि तेवढ्यात वारा पान हलवतो.

आणखी एक गाठ होती ती बघण्याच्या खिडकीची, आणि तीच आधी सुटली. साध्या कॅमेऱ्यात खिडकी एकीकडे, लेन्स दुसरीकडे. डोंगर टिपताना ते चालतं, मुंगी टिपताना खिडकीत मुंगी दिसते आणि फोटोत शेजारचं पान येतं. १९३६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून किने एक्झाक्टा हा छोट्या फिल्मचा रिफ्लेक्स कॅमेरा आला. आतल्या आरशामुळे लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसू लागलं. मग १९५५ मध्ये हाइन्झ किलफिटची माक्रो-किलार आली. नळ्या-भाते न जोडता, नुसती कडी फिरवत दूरपासून अगदी जवळपर्यंत जाणारी लेन्स.

आणि १९५६. या कुळकथेतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग जपानमधला आहे, आणि त्यात किडा नाही की फूल नाही. दस्तऐवज आणि वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवण्याचं काम जगभर चालू होतं. युरोप-अमेरिकेतल्या लेन्स रोमन अक्षरांना पुरत होत्या. जपानी कांजी अक्षरांना त्या पुरेनात. एका अक्षरात वीस-वीस, पंचवीस-पंचवीस फराटे. इतकं बारीक करून टिपलं, की ते एकमेकांत मिसळायचे, आणि एक फराटा हरवला तर अक्षराचा अर्थ जायचा. म्हणून निप्पॉन कोगाकु कंपनीने जवळच्या अंतरावर काटेकोर टिपणारी मायक्रो-निक्कोर ही लेन्स घडवली. १९६१ मध्ये तिची ५५ मिलिमीटरची बहीण रिफ्लेक्स कॅमेऱ्यासाठी आली, आणि अक्षराचे फराटे वेगळे दाखवण्यासाठी जन्मलेलं ते भिंग जगभरच्या बागांत माशीच्या पंखावरच्या शिरा वेगळ्या दाखवू लागलं. या घराण्याच्या लेन्सवर वर्षानुवर्षं ‘मॅक्रो’ लिहिलं नाही, ‘मायक्रो’ लिहिलं. मायक्रोफिल्मची ती खूण त्यांच्या नावात राहिली. माझी लेन्स जुनी, सेकंडहँड घेतलेली आहे आणि तिच्यावर तोच शब्द आहे. तिच्यातून कढीपत्त्याच्या पानाची शीर बघताना कुणा टोकिओतल्या ग्रंथपालाच्या कपाटातलं अक्षर माझ्या मनात येतं.

उरला उजेड. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये हॅरोल्ड एजर्टनने १९३० च्या दशकात विजेचा लखलखाट क्षणाच्या सूक्ष्म अंशापुरता पाडून दाखवला होता. इंग्लंडच्या स्टीफन डाल्टनने त्याच वाटेने जात सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढा फ्लॅश वापरून उडत्या किड्यांचे पंख हवेतच थांबवले. त्याचं ‘बॉर्न ऑन द विंड’ १९७५ चं. त्याच वर्षी ऑलिंपस ओएम-२ आला. फिल्मवर पडणारा उजेड तो कॅमेऱ्याच्या आतच मोजायचा आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडायचा. त्याआधी लेन्स किती पुढे गेली, उजेड किती घटला, याची आकडेमोड कागदावर करावी लागे, आणि तोवर चतुर गवतावरून उडून गेलेला असे. हुकच्या मुंगीला ब्रँडी पाजावी लागली होती. तीनशे वर्षांनी किड्याला काहीही न करता तो थांबला. आजही काही जण किडे फ्रीजमध्ये गारठवून फोटो काढतात. मला ते मुळीच पटत नाही. इतक्या पिढ्यांनी त्याला मोकळं ठेवण्यासाठी एवढं केलं आहे.

त्यानंतरचं सगळं आपल्या डोळ्यांदेखतचं. फिल्म गेली, पडदा आला, आणि आता फोनही दोन सेंटिमीटरवरून फूल टिपतो.

एका झाडासमोर वर्षभर बसलं, की ऋतू कॅलेंडरच्या आधी कळतात. पहिल्या सरींबरोबर परसातल्या मातीतून मखमली लाल मृगाचे किडे निघतात. त्यांचा फोटो पहिल्यांदा मोठा करून पाहिला तेव्हा पाय मोजले. आठ. म्हणजे हा किडा कोळ्यांच्या जवळच्या गोतातला. श्रावणात तेरडा आणि अळ्या. आश्विनात झेंडूवर मधमाश्यांची रीघ, पायाला पिवळ्या पिशव्या. मार्गशीर्षात पहाटे दव पडतं तेव्हा गवतावरचे चतुर गारठून बसलेले असतात, आणि त्यांच्या पंखावरच्या एकेका थेंबात उलटं घर दिसतं. ऊन अंगावर आलं की ते थरथरतात, आणि मग उडून जातात. माघात शेवंतीच्या देठांवर मावा दाटतो, त्याच्या गोडसर रसासाठी मुंग्या पहारा देतात, आणि ढालकिडा येतो तो माव्यावर ताव मारायला.

सुरुवातीची काही वर्षं मी चुकत होते. अळी तेवढी फ्रेमभर घ्यायची, मागे मऊ हिरवा पडदा, बाकी काही नको. फोटोंचं कौतुक व्हायचं. मेरियनची चित्रं नीट पाहिल्यावर मी माझे जुने फोटो काढून बसले आणि लक्षात आलं, की त्यांतले निम्मे कुठल्या झाडावरचे आहेत हे मला स्वतःलाच सांगता येत नाही. लिंबाचं की कढीपत्त्याचं? आपलं राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्लू मॉर्मनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पान कापून टाकलं, की फोटोतून हे सगळं जातं. आता मी वीतभर मागे सरकते.

काल संध्याकाळी पाऊस उघडल्यावर काळी मादी कढीपत्त्यावर भिरभिरत आली. पानाला पाय लावून चव घेतली, शेपटाचं टोक वळवलं आणि गेली. कोवळ्या, तांबूस पानाच्या कडेला फिकट पिवळं अंडं, मोहरीहून लहान. शेजारच्या जून पानाचा कडेचा भाग मागच्या खेपेच्या अळीने कुरतडलेला. मी छिद्र बारीक केलं, श्वास रोखला, आणि दोन्ही पानं चौकटीत घेतली.