औषधाच्या खिडकीमागची उमेदवारी

भारतात औषधनिर्माणशास्त्राची पदविका, म्हणजे डी.फार्म., दोन वर्षांच्या लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षांनी पुरी होत नाही. त्यानंतर विद्यार्थ्याला किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तास रुग्णालयात किंवा परवानाधारक औषध दुकानात काम करावे लागते. आठवड्याची सुट्टी वगळली तर हे रोजचे सुमारे साडेसहा तास होतात. हे तास भरल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पदविका हाती पडत नाही आणि पदविकेशिवाय फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. आज ही अट अभ्यासक्रमाच्या शेपटाला जोडलेली दिसते. मुळात मात्र हा व्यवसाय सुरू झाला तो याच उमेदवारीतून. पुस्तक आणि परीक्षा नंतर आल्या.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य वैद्यक भारतात रुजले, तसा दवाखान्यात कंपाउंडर आला. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि लाकडी आडोशामागे बसलेला कंपाउंडर औषध तयार करून खिडकीतून देई. त्याचे शिक्षण त्या आडोशामागेच होई. नवा पोऱ्या आधी बाटल्या धुवायला शिके, मग पुड्या बांधायला, मग खलात चूर्ण घोटायला आणि काचेच्या पाटीवर मलम एकजीव करायला. रोगी बाटली बहुधा घरूनच आणीत. तिच्यात मिश्रण भरले की कागदाची पट्टी दुमडून, कडेला खाचा पाडून बाटलीला उभी चिकटवली जाई. एक खाच म्हणजे एक मात्रा. अक्षरओळख नसलेल्या रोग्यालाही औषध किती घ्यायचे ते त्या पट्टीवरून समजे.

या कामात सर्वांत अवघड होते चिठ्ठीचे वाचन. सूचना लॅटिन संक्षेपांत असत आणि मापे ग्रेन, ड्राम, औंस अशी. साठ ग्रेनचा एक ड्राम, आठ ड्रामांचा एक औंस. ड्राम आणि औंस यांच्या हस्तलिखित खुणांत फरक फक्त वरच्या एका जादा वळणाचा. ते नजरेतून सुटले तर मात्रा एक-अष्टमांश होई. अशी नजर वर्गात तयार होत नसे. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून शेकडो चिठ्ठ्या वाचल्या की ती येई. म्हणूनच या पेशात अनुभव हीच पात्रता मानली जात होती.

औपचारिक शिक्षणाचे प्रयत्नही समांतर चालू होते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा स्थापन झाली आणि तिथे वैद्यकाबरोबर औषधनिर्मितीही शिकवली जाऊ लागली. ब्रिटिश मुलखात मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ वर्ग सुरू झाले. इतर प्रांतांतही कंपाउंडरच्या परीक्षा घेतल्या जाऊ लागल्या. मात्र प्रांतागणिक नियम वेगळे होते आणि परीक्षा न देता औषधे देणाऱ्याला अडवणारा देशव्यापी कायदा नव्हता.

१९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. समितीपुढचा मुख्य प्रश्न बाजारातल्या भेसळीचा आणि निकृष्ट औषधांचा होता. पण औषध हाताळणाऱ्या माणसाचा विचार टाळून तो सुटणार नव्हता. १९३१ च्या अहवालात समितीने औषधनिर्मितीचे रीतसर शिक्षण, व्यावसायिकांची नोंदणी आणि केंद्रीय कायदा यांची शिफारस केली. याच सुमारास, १९३२ मध्ये, बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी औषधी रसायनशास्त्राचे शिक्षण सुरू केले आणि १९३७ पासून तिथे तीन वर्षांचा बी.फार्म. पदवी अभ्यासक्रम उभा राहिला. त्याचा पाया रसायनशास्त्र होता आणि डोळ्यांपुढे दवाखान्याच्या खिडकीऐवजी प्रयोगशाळा व कारखाना होता. पदवी आणि पदविका यांच्या वाटा इथेच वेगळ्या झाल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फार्मसी कायदा झाला आणि १९४९ मध्ये भारतीय फार्मसी परिषद स्थापन झाली. फार्मासिस्टांची पहिली नोंदवही तयार करताना कायद्याला जुन्या पिढीची दखल घ्यावी लागली. पदवी-पदविका किंवा कंपाउंडरची परीक्षा नसली, तरी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर नियमित औषधे दिली जाणाऱ्या ठिकाणी एकूण पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्यांना त्या नोंदवहीत जागा मिळाली. नव्यांसाठी मात्र हा दरवाजा बंद झाला. आता आधी मान्य संस्थेतले शिक्षण आणि त्याचा भाग म्हणून ठरावीक तासांचा अनुभव, असा क्रम लागला. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच तयार करावे आणि द्यावे, हे कलम ४२ चे बंधन मुदतवाढी मिळत मिळत १९८४ च्या सप्टेंबरात अमलात आले.

हा अनुभव कसा घ्यायचा, हे परिषदेच्या शिक्षण विनियमांनी ठरवले. १९९१ च्या विनियमांत त्याचा तपशील नेमका दिसतो. ५०० तासांपैकी किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवरची औषधे देण्यात गेले पाहिजेत. जागा सरकारी किंवा पालिकेचे रुग्णालय, परवानाधारक औषध दुकान वा औषध कारखाना अशी असू शकत होती. जिथे एकच नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तिथे दोनपेक्षा जास्त उमेदवार घेता येत नाहीत. पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एक उमेदवार वाढतो. मर्यादेमागचा हेतू उघड आहे: शिकणाऱ्याच्या हातावर शिकवणाऱ्याची नजर राहावी.

या प्रशिक्षणासाठी करारपत्र भरावे लागते. त्यात विद्यार्थी शिकवणाऱ्याची आज्ञा पाळण्याचे आणि त्याचा मान राखण्याचे वचन देतो. शिकवणारा चार गोष्टींच्या सरावाची हमी देतो: नेहमीची उपकरणे हाताळणे; चिठ्ठी वाचणे, तिचा अर्थ लावणे, नक्कल करणे आणि मात्रा पडताळणे; निरनिराळ्या मार्गांनी घ्यायची औषधे देणे; आणि औषधांची साठवण. शिवाय कायद्यानुसार ठेवायच्या नोंदींचे ज्ञानही द्यायचे असते. आडोशामागच्या कंपाउंडरचा जुना धडा यात जवळपास जसाच्या तसा कागदावर उतरला आहे.

प्रत्यक्ष काम मात्र बदलत गेले. तयार गोळ्या, कॅप्सूल आणि पट्ट्या आल्या, तसे खल आणि काचेची पाटी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उरली. दुकानात उभा राहणारा विद्यार्थी आता मुदतीची तारीख पाहून साठा लावायला, सारख्या वाटणाऱ्या नावांतला फरक ओळखायला आणि शीतपेटीतली औषधे सांभाळायला शिकतो. २०१४ च्या मार्चपासून ‘शेड्यूल एच-१’ मधील औषधांसाठी वेगळी नोंदवही आली. चिठ्ठी लिहिणाऱ्याचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम ठरवले. खाच पाडलेल्या पट्टीची जागा अशा रीतीने बोलण्याने घेतली.

पदवीच्या वाटेवर अटी वेगळ्या आहेत. बी.फार्म.च्या २०१४ च्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत १५० तासांचे प्रशिक्षण उद्योगात किंवा रुग्णालयात घेणे इष्ट म्हटले आहे आणि सातव्या सत्रात आणखी १५० तासांची ‘प्रॅक्टिस स्कूल’ आहे. उत्पादन, गुणवत्ता नियंत्रण, संशोधन हे विभागही त्यात चालतात. पदविकेला औषध देण्याची खिडकी सक्तीची आणि पदवीला कारखाना खुला, ही तफावत दोन्हींच्या उगमाशी जुळणारी आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी.ने तिसरी वाट काढली. तिचे शेवटचे पूर्ण वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचे असते: सहा महिने सामान्य वैद्यक विभागात आणि प्रत्येकी दोन महिने इतर तीन विशेष विभागांत. इथे उमेदवार खिडकी सोडून रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचतो.

२०२२ च्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी तीन प्रश्नपत्रिकांच्या निर्गमन परीक्षेची तरतूद केली. तिच्यात प्रश्न बहुपर्यायी असून प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ५० टक्के गुण आवश्यक आहेत. एकेकाळी पाच वर्षांच्या हातकामावर नोंदवहीत नाव लागत असे. आता त्यासाठी दोन वर्षांचे वर्ग, ५०० तासांचा दाखला आणि वर आणखी एक परीक्षा, असा क्रम ठरला आहे.