दप्तरी मेलेली विमाने

एखाद्या जुन्या वस्तूची ओळख पटविणे हे इतिहाससंशोधनातील मोठे किचकट काम आहे. महाराष्ट्राला हे निराळे सांगावयास नको. कोणी एखादी तलवार पुढे ठेवली की पहिला प्रश्न येतो तो हा, की ही तीच कशावरून? ती कोणाच्या कमरेला होती, पुढे कोणाच्या कोठीत गेली, कोणत्या यादीत तिची नोंद आहे आणि मध्ये किती वर्षांचा खंड पडला? बखर एक सांगते, कागद दुसरेच बोलतो. राजवाड्यांनी अस्सल कागदांवर जो भर दिला आणि १९१० साली पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने जी शिस्त पुढे चालविली, तिची ओळख आपल्यापैकी पुष्कळांना आहे. तीच शिस्त विमानाला लावली तर काय दिसते, हे आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

विमान ही तशी काल-परवाची वस्तू. तिचा इतिहास शोधण्यासारखा काय असणार, असे कोणास वाटेल. परंतु विमानाची एक मोठी अडचण आहे. तलवार एकेक घडते, विमाने हजारांनी घडतात आणि सगळी जुळ्या भावंडांसारखी दिसतात. ही अडचण जुन्या काळी घोडदळाच्या कारभाऱ्यांनाही होती. चांगला घोडा दाखवून नेमणूक घ्यावी आणि प्रत्यक्ष रणात मरतुकडे तट्टू आणावे, ही लबाडी मोडण्यासाठी अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली आणि पुढे अकबराने ती पुन्हा कडकपणे चालविली. विमानाच्या अंगावरील क्रमांक म्हणजे असाच डाग होय. फरक एवढाच की घोड्याचा डाग त्याच्याबरोबर जातो. विमानाचा डाग मात्र धनी बदलला की पुसून नवा रंगविता येतो.

उदाहरणासाठी आम्ही ‘लिबरेटर’ हे एकच विमान घेतो. अमेरिकेच्या कन्सॉलिडेटेड कंपनीचे हे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान. पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी झाले. पंखांचा पसारा ११० फूट, प्रत्येक इंजिन १२०० अश्वशक्तीचे आणि मागे दोन उभ्या शेपट्या. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशी अठरा हजारांहून अधिक विमाने कारखान्यांतून बाहेर पडली. त्यांतील काही ब्रिटिश विमानदलाला मिळाली आणि ब्रह्मदेशच्या लढाईसाठी हिंदुस्थानात आली. येथे त्यांचे बारसे दुसऱ्यांदा झाले. अमेरिकेत ज्याचे नाव ४४-४४१७५, म्हणजे १९४४ च्या आर्थिक वर्षातील मागणीपैकी, तेच विमान ब्रिटिशांच्या दप्तरी ‘के. एच. ३०४’ झाले. तिसरे बारसे पुढे आपल्याकडे व्हावयाचे होते.

ही विमाने ब्रिटिशांना विकत दिलेली नव्हती. मार्च १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्यान्वये ती वापरावयास दिलेली होती. युद्ध संपल्यावर ती परत तरी करावयाची किंवा निकामी तरी करावयाची. हजारो मैल परत नेण्याचा खर्च कोण करणार? तेव्हा लिबरेटर विमाने कानपूरजवळच्या चकेरी तळावर गोळा करण्यात आली आणि ती पुन्हा उडू नयेत अशी त्यांची मोडतोड करण्यात आली. अंगाच्या पत्र्याला भोके पाडली, आतील उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू-माती घातली. नोंदपत्रावर ‘दलाच्या खात्यातून कमी’ असा शेरा पडला. कारकुनाच्या दृष्टीने विमान मेले आणि त्याची पाटी कोरी झाली.

इतिहासाने मात्र येथे वेगळे वळण घेतले. ऑगस्ट १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, ऑक्टोबरात काश्मीरचे युद्ध सुरू झाले आणि भारतीय विमानदलापाशी लांब पल्ल्याचे एकही अवजड बाँबफेकी विमान नव्हते. तेव्हा कानपूरच्या त्या भंगाराकडे लक्ष गेले. काम सोपविले गेले बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याकडे. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साह्याने उभा केला तो सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी. १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकन विमानदलाने तेथे आपली विमाने दुरुस्त करून घेतली. पुढची गोष्ट चमत्कारासारखी सांगितली जाते. पण तिचे कारण येथे आहे. ज्या कामगारांनी युद्धकाळात अमेरिकन विमानांचे आतडे न् आतडे उलगडून पाहिले होते, त्यांना हे मोडलेले यंत्र परके नव्हते. एकाचे चाक, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याचे सुकाणू अशी जोडाजोड करून विमान एकदाच उडण्याजोगे करावयाचे, आणि कारखान्याचे मुख्य चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते बंगलोरला उडवीत न्यावयाचे, असा क्रम चालला. तेथे त्याची पुरती दुरुस्ती होई. पहिली विमाने १९४८ च्या अखेरीस दलात दाखल झाली. एकंदरीत सुमारे चाळीस लिबरेटर अशा रीतीने पुन्हा उभी राहिली.

त्यांचे तिसरे बारसे झाले ते ‘एच. ई.’ या अक्षरांनी. त्यांतील काहींचा पुण्याशी दीर्घ संबंध आला. जानेवारी १९५१ मध्ये विमानदलाची सहावी स्क्वाड्रन पुण्यास नव्याने उभी राहिली आणि समुद्रावरील टेहळणीचे काम लिबरेटरकडे आले. लंडनच्या दप्तरात ज्यांच्या नावापुढे अखेरचा शेरा पडला होता, ती विमाने लोहगावच्या धावपट्टीवरून उडून अरबी समुद्रावर घिरट्या घालीत होती! १९६८ साली ती निवृत्त झाली. जगात इतरत्र या जातीची बहुतेक विमाने तोवर भट्टीत वितळून गेली होती. म्हणून मग परदेशी संग्रहालयांची दृष्टी भारताकडे वळली. एक कॅनडाला गेले. एक १९६९ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथील पिमा संग्रहालयात पोहोचले. एक १९७४ साली भारतीय विमानदलाने ब्रिटिश विमानदलाच्या संग्रहालयास दिले. दिल्लीस पालमच्या संग्रहालयातही एक आहे.

आता संशोधकाचे खरे काम सुरू होते. ब्रिटनला गेलेल्या विमानावर भारतातील क्रमांक होता ‘एच. ई. ८०७’. मागे जात जात शोधकांनी ते ‘के. एन. ७५१’ असल्याचे निश्चित केले. १९४५ साली कोकोस बेटांवर असलेल्या ९९ व्या स्क्वाड्रनचे ते विमान. हे कसे कळते? विमानात कारखान्याची धातूची पट्टी असते. निरनिराळ्या भागांवर ठोकलेले आकडे असतात. रंगाचे थर खरवडले की खालचा जुना क्रमांक कधी कधी वर येतो. शिवाय दप्तरातील नोंदपत्रे आणि वैमानिकांची उड्डाण-टिपणे असतात. हे सर्व एकमेकांशी ताडून पाहावे लागते. १९४८ साली ब्रिटनमध्ये ‘एअर-ब्रिटन’ नावाची संस्था निघाली. तिच्या हौशी सभासदांनी एकेका विमानाच्या जन्ममृत्यूच्या याद्या छापून काढल्या. पगार ना पद, केवळ चिकाटी. आपल्या मंडळींच्या दप्तर-शोधनाचीच आठवण व्हावी.

या वाटेवर फसगतीही आहेत. भारतातून गेलेले ४४-४४०५२ हे विमान एका इंग्रज संग्राहकाने १९८१ च्या सुमारास नेले आणि पुढे अमेरिकेत ते पुन्हा उडते झाले. २००५ साली त्यावर ‘विचक्राफ्ट’ हे नाव रंगविण्यात आले. मूळचे ‘विचक्राफ्ट’ म्हणजे युरोपवर १३० मोहिमा केलेले विख्यात लिबरेटर. ते युद्धानंतर मोडीत निघाले. पिमाच्या विमानालाही इंग्लंडमधील ‘बंगे बकारू’ या दुसऱ्याच विमानाचा वेष दिलेला आहे. शूरांच्या स्मरणार्थ हे करतात आणि त्यात हेतू वाईट नाही. पण पाहणारा समजतो की हे विमान जर्मनीवर उडाले. त्याच्या खऱ्या आयुष्यातील ब्रह्मदेश, कानपूर, बंगलोर ही सारी पाने त्या रंगाखाली झाकली जातात. रंगविलेले नाव ही बखर आहे. पट्टीवरचा आकडा हा कागद.

कोणी विचारील, दहा विमानांचे तुकडे जोडून केलेल्या विमानाला एक ओळख तरी कोठून असणार? प्रश्न रास्त आहे. पण आपला जुना वाडाच घ्या. कौले बदलली, खांब बदलले, माडी नव्याने चढविली, तरी वाडा तोच राहतो, कारण वहिवाट तुटलेली नसते. विमानाचेही तसेच मानावे. मुख्य सांगाडा कोणाचा आणि हातोहात त्याची नोंद कशी चालत आली, ही साखळी अखंड दाखविता आली तर ओळख सिद्ध झाली. मधला दुवा निखळला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. कल्पनेने तो जोडू नये.

हा केवळ छांदिष्टांचा खेळ नव्हे. २५ जानेवारी १९४४ रोजी चीनमधील कुनमिंगहून आसामातील चाबुआकडे निघालेले एक अमेरिकन लिबरेटर आठ माणसांसह डोंगरात नाहीसे झाले. २००६ साली अरुणाचल प्रदेशात त्याचे अवशेष सापडले. तेथे मिळालेल्या अस्थींवरून त्यांतील एका अधिकाऱ्याची ओळख २०१७ साली पटली आणि त्र्याहत्तर वर्षांनी त्याला त्याच्या गावी मूठमाती मिळाली. अशा बेपत्ता विमानांच्या अमेरिकन अहवालांत इंजिनांचे व बंदुकांचे क्रमांक टिपलेले असत. रानात गंजत पडलेल्या पत्र्याला त्या आकड्यांनी नाव मिळते, विमानाला नाव मिळाले की आतील माणसांना नाव मिळते आणि कोठेतरी एका घराचे वाट पाहणे संपते.

आपल्याकडेही अनेक गावांतील चौकांत आणि बागांत निवृत्त विमाने उभी केलेली आहेत. मुले त्यांच्याखाली खेळतात आणि दर काही वर्षांनी त्यांना नवा रंग लागतो. त्या रंगाबरोबर क्रमांक पुसला जाऊ नये एवढी काळजी गावकऱ्यांनी घ्यावी. विमान कोठून आले, कोणत्या स्क्वाड्रनचे, कधी उभे केले, हे नगरवाचनालयाच्या एखाद्या वहीत चार ओळींत लिहून ठेवावे. या कामाला विद्वत्ता लागत नाही. शिडी, कागद आणि पेन्सिल पुरे. कानपूरच्या त्या विमानांना ज्या हातांनी जीवदान दिले, त्या कामगारांची नावे कोणत्याही पट्टीवर ठोकलेली नाहीत. त्यांच्या कामाची साक्ष द्यावयास आज ते आकडेच तेवढे उरले आहेत.