एका ओळीची तक्रार

गोष्ट 2005 सालची. दिवाळीला नेवाशाला घरी गेलो होतो. वडिलांनी घरातले जुने फोटो स्कॅन करून आणले होते. ते बघायला लिनक्सवर फोल्डर उघडलं आणि फाइल मॅनेजर गायब! पुन्हा उघडलं, पुन्हा गायब. "गेले का रे सगळे?" वडिलांचा प्रश्न. टर्मिनलवर यादी काढली तर फाइली जागच्या जागी. दाखवणारा कोसळला म्हणून वस्तू जात नाही, हे त्यांना पटवायला दोन चहा लागले.

मग तावातावाने तक्रार नोंदवली: फोल्डर उघडलं की क्रॅश होतो, दुरुस्त करा. उत्तर आलं: आवृत्ती कोणती? बॅकट्रेस द्या.

बॅकट्रेस म्हणजे कोसळताना प्रोग्राम कोणत्या फंक्शनमध्ये होता आणि तिथे कुठून कुठून आला, याची उतरंड. जीडीबी हा डिबगर ती काढून देतो. पण डिबग सिंबॉल्स नसतील तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ते पॅकेज उतरवायचं डायल-अपवरून, त्यात भारनियमन. कंटाळा केला. उत्तरच दिलं नाही.

असले कंटाळे सगळीकडेच होते. नोमच्या नॉटिलसचंच बघा. मॅकिंटॉशच्या मूळ टीममधल्या अँडी हर्ट्झफेल्डच्या ईझेल कंपनीने तो बनवला. मार्च 2001 मध्ये 1.0 आवृत्ती आली आणि दोन महिन्यांत कंपनी बंद! कोड खुला होता, म्हणून नोमवाल्यांनी पुढे चालवला. क्रॅश झाला की बग-बडी नावाचा छोटा प्रोग्राम उगवायचा आणि बॅकट्रेस बगझिलाकडे पाठवायचा. त्यातही प्रश्नचिन्हंवाल्या आणि त्याच त्या तक्रारींचा ढीग व्हायचा. तो निवडत बसायचं काम स्वयंसेवकांचं. 2018 मध्ये नोमने बगझिला सोडून गिटलॅब घेतलं, पण विचारतात अजून तेच.

खरं तर नेवाशाच्या माणसाला हे सांगावं लागू नये. ज्ञानेश्वरी इथलीच, शके 1212 म्हणजे 1290 ची. पुढे नकला करताना चुका शिरल्या. 1584 मध्ये पैठणच्या एकनाथांनी नुसतं 'पाठ बिघडलाय' म्हणून सोडून दिलं नाही. प्रती ताडून बिघाड नेमका कुठे ते पाहिलं आणि शुद्ध प्रत सिद्ध केली.

माझ्या तक्रारीचं काय झालं? काही महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी तोच क्रॅश कळवला. त्याने फोल्डरमधल्या निम्म्या निम्म्या फाइली बाजूला काढत एकच बिघडलेला फोटो शिल्लक ठेवला आणि तो जोडून दिला. दोष दुरुस्त झाला. माझी तक्रार आधीची असूनही त्याच्या तक्रारीची 'डुप्लिकेट' ठरली, आणि ते योग्यच होतं.

मग मीही आमच्या फोल्डरमध्ये शोधलं. सीडीवरून अर्धवट उतरलेली एक फाइल निघाली. आजीचा फोटो. कपाळापर्यंत दिसतो, खाली नुसता करडा रंग. तोवर सीडी हरवली होती आणि मूळ फोटोला वाळवी लागली होती. दिवाळीतच बॅकट्रेस काढायला बसलो असतो, तर तेव्हाच सापडली असती.

असो. आता क्रॅश झाला की आधी आवृत्ती लिहितो, मग पायऱ्या, मग बॅकट्रेस. राग सगळ्यात शेवटी, जागा उरली तर.