विस्मृत मूक वेस्टर्न चित्रपटांचे आकर्षण : ‘द डॉटर ऑफ डॉन’ (१९२०)

अमेरिकन मूक वेस्टर्न चित्रपटांचा इतिहास एडविन पोर्टर यांच्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’पासून (१९०३) विल्यम हार्ट व जॉन फोर्ड यांच्यापर्यंत ठरावीक वाटेने सांगितला जातो. या वाटेबाहेर राहिलेल्या चित्रपटांकडे अभ्यासक का ओढले जातात, याचा विचार येथे एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. दुर्मिळता हे त्याचे पुरेसे उत्तर नव्हे. काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डेव्हिड पिअर्स यांच्या पाहणीनुसार अमेरिकेतील सुमारे ११ हजार पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ स्वरूपात संपूर्ण उरले आहेत. तेव्हा दुर्मिळ तर सारेच!

नॉर्बर्ट माइल्स यांचा ‘द डॉटर ऑफ डॉन’ ओक्लाहोमातील विचिटा पर्वतराजीत चित्रित झाला. त्यातील सुमारे ३०० कलावंत कायोवा व कोमांची जमातींचे होते. कोमांची नेते क्वाना पार्कर यांचा पुत्र व्हाइट व कन्या वनाडा हेही त्यांत होते. चित्रपटाचे मोजकेच खेळ झाले आणि तो विस्मृतीत गेला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर कॅरोलायनातील एका खासगी गुप्तहेराला कामाच्या मोबदल्यात मिळालेली प्रत ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीने विकत घेतली.

कथा गोऱ्या निर्मात्यांची आहे, आणि खरे सांगायचे तर बेताचीच. नायिकेसाठी दोन प्रतिस्पर्ध्यांनी कड्यावरून उडी घेण्याची परीक्षा आज काहीशी हास्यास्पद वाटते. त्यामुळे हा चित्रपट जमातींच्या परंपरेचा विश्वसनीय दस्तऐवज मानणे चुकीचे ठरेल. मात्र पडद्यावर दिसणारे तंबू, वस्त्रे व घोडे या लोकांनी स्वतःचे आणले होते. १८८३ च्या नियमावलीने मूलनिवासींच्या अनेक नृत्यांना व विधींना अपराध ठरविले होते, आणि त्यांपैकी अनेकांना १९२४ च्या कायद्यापर्यंत नागरिकत्वही नव्हते. अशा काळात ही माणसे आपल्या वेशात, आपल्याच भूमीवर कॅमेऱ्यासमोर नाचतात. प्रसिद्ध वेस्टर्नमध्ये मूलनिवासी बहुधा नायकाच्या बंदुकीचे लक्ष्य म्हणून येतात. येथे नायक, खलनायक, वृद्ध, मुले सारे तेच. कथानक संपल्यावरही पुन्हा पाहावेसे वाटतात ते त्यांचे चेहरे.

२०१३ मध्ये हा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदसूचीत समाविष्ट झाला. जीर्णोद्धारित प्रतीचे संगीत डेव्हिड येगली या कोमांची संगीतकाराने रचले आहे.